हास्यवायू, कोळशाची भट्टी आणि उमरीतली एक जुनी गाडी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधले तीन महिने प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाने खाल्ले. इथे नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते: मी मराठवाड्यातल्या मोटार दुरुस्तीच्या इतिहासावर पीएचडी करतेय. १९३० ते २००० या काळात इथल्या गाड्या कशावर चालल्या, त्या कुणी दुरुस्त केल्या आणि किती वर्षं टिकवल्या, हा माझा विषय.

आजच्या लेखाचं निमित्त मात्र घरचं आहे. दिवाळीत उमरीला मामाकडे गेले होते. उमरी म्हटलं की हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या अभ्यासकांना १९४८ ची बँकेची लूट आठवते. मला तिथली गॅरेजं आठवतात. त्यातल्या एका गॅरेजच्या दारात मामेभाऊ त्याची गाडी घेऊन उभा होता. गाडी सेकंडहँड, पेट्रोलची, चार सिलिंडरची. किलोमीटर झालेले १ लाख ६८ हजार, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं नसेल तर. बियाण्याच्या कंपनीची गावोगावची फिरती तो ह्याच गाडीवर करतो. म्हणजे गाडी बंद तर पगार बंद.

"ताई, हिला नायट्रो बसवायचाय," तो म्हणाला. मोबाइलवर त्याने मला एक निळी बाटली, दोन नळ्या आणि एक लाल बटण दाखवलं. पैसे त्याने साठवलेले होते. रात्री हायवेवर मित्रांबरोबर कसलीशी पैजही लागलेली होती, ते मला नंतर कळलं. गॅरेजवाले चाचा हसून म्हणाले, "मी बसवून देणार नाही. पण का नाही देणार ते ह्याला पटेल असं सांगता येईना मला. आता तूच सांग, तू तर इंजनवरच पीएचडी करायलीस."

मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर बोलले. नीट उत्तर द्यायला मला माझ्याच टिपणांच्या वह्या परत उघडाव्या लागल्या. हा लेख म्हणजे ते उत्तर.

आधी वायू काय आहे ते

नायट्रस ऑक्साइड म्हणजे हास्यवायू. त्याच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. पहिला गैरसमज इथेच असतो: हा वायू इंधन नाही. तो स्वतः पेट्रोलसारखा जळत नाही, दुसऱ्याला जळायला मदत करतो.

इंजिनाची ताकद किती, हे पेट्रोल किती ओतलं यापेक्षा ते जाळायला ऑक्सिजन किती मिळाला यावर ठरतं. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, हवा वाढवणं अवघड. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने नायट्रसचा रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि त्या फुटण्यातूनही थोडी उष्णता मिळते. शिवाय बाटलीतला द्रव बाहेर पडताना उणे ८८ अंशाला उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा थंड आणि दाट होते. या जादा ऑक्सिजनला जोडीचं जादा पेट्रोल दिलं की त्याच इंजिनातून एकदम जास्त ताकद निघते.

थोडक्यात, बटण दाबल्यावर इंजिन बदलत नाही. त्याच पिस्टनला, त्याच कनेक्टिंग रॉडला, त्याच बेअरिंगला जास्त ओझं उचलायला सांगितलं जातं. जी भर पडते ती ऑक्सिजनची आणि पेट्रोलची. लोखंड आहे तेवढंच राहतं.

हवा विरळ झाली म्हणून

१७७२ मध्ये जोसेफ प्रिस्टलीने हा वायू तयार केला. १७९९ मध्ये ब्रिस्टलला हम्फ्री डेव्हीने तो स्वतः हुंगून पाहिला आणि पुढच्याच वर्षी त्यावर ग्रंथ लिहिला. वेदना कमी करण्याचा गुणही त्याने नोंदवला होता, पण १८४४ मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात काढण्यासाठी तो वापरेपर्यंत हा वायू मुख्यतः करमणुकीचाच राहिला. आजही ऑपरेशन थिएटरमध्ये निळ्या सिलिंडरमधून येतो तो हाच.

इंजिनात तो मोठ्या प्रमाणावर आला तो दुसऱ्या महायुद्धात. विमान दहा किलोमीटर उंचीवर गेलं की तिथल्या हवेची घनता जमिनीलगतच्या साधारण एक तृतीयांश उरते. इंजिनाला धाप लागते. सुपरचार्जरही एका उंचीनंतर कमी पडतो. यावर जर्मनांनी 'जीएम-१' नावाची यंत्रणा काढली. टाकीत द्रवरूप नायट्रस न्यायचा आणि खूप उंचीवर गेल्यावर तो इंजिनात सोडायचा. ब्रिटिशांनीही १९४४ च्या सुमारास काही मॉस्किटो विमानांवर नायट्रस बसवला.

माझ्या मामेभावासाठी यातली महत्त्वाची गोष्ट ही की जीएम-१ चं काम मुळात तूट भरून काढण्याचं होतं. जमिनीवर जी ताकद इंजिन सहज पेलत होतं, तीच उंचीवर टिकवायची होती. त्या इंजिनांची तासांच्या हिशोबाने देखभाल व्हायची, ती वेळेवर उतरवून बदलली जायची. आणि विमान परत येईल की नाही याचीच खात्री नसताना इंजिन आणखी दहा वर्षं चालावं, असा विचार कुणी करतच नव्हतं.

त्याच युद्धात आपल्या रस्त्यावर

आता तिथून थेट आपल्याकडे येऊ, कारण वर्षं तीच आहेत.

उमरी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरचं गाव असल्यामुळे रेल्वे गावात आधीच पोचलेली होती. मोटारीची सरकारी सेवा १९३२ मध्ये सुरू झाली, तीही निजाम स्टेट रेल्वेचाच एक विभाग म्हणून. सुरुवातीला बस फक्त २७ आणि कर्मचारी १६६. एवढ्या मोठ्या संस्थानाला २७ बस! यावरून त्या काळात एकेका इंजिनाची किंमत काय असेल, याचा अंदाज यावा.

युद्ध पेटलं आणि १९४१ मध्ये भारतात पेट्रोलचं रेशनिंग आलं. पेट्रोल मिळेना तेव्हा देशभर मोटारी कोळशावर चालवायला लागल्या. बसच्या मागे किंवा बाजूला लोखंडी पिंप, त्यात लाकडी कोळशाची भट्टी. पंखा फिरवून भट्टी फुलवायची. हवा कमी मिळाल्यामुळे कोळसा अर्धवट जळायचा आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायचा. हा वायू थंड करून, गाळून इंजिनात सोडायचा. सकाळी पहिली फेरी सुटण्याआधी कुणीतरी लवकर उठून भट्टी पेटवायचं, संध्याकाळी राख काढायचं.

या वायूत निम्म्याहून जास्त भाग नुसता नायट्रोजन. तो जळत नाही, उलट जागा अडवतो. त्यामुळे पेट्रोलसाठी बनवलेलं इंजिन कोळशावर चालवलं की ताकद निम्म्याच्या आसपास यायची. चढ आला की गाडी दमायची.

म्हणजे बघा, एकाच युद्धात युरोपच्या आकाशात इंजिनाला बाटलीतून जादा श्वास मिळत होता आणि आपल्याकडच्या रस्त्यावर इंजिन अर्ध्या पोटी चालत होतं.

कोळशाने इंजिनाचं भलं झालं असं मात्र कुणी समजू नये. गाळणी कितीही चांगली असली तरी राखेची पूड आत जायचीच. तिने सिलिंडरच्या भिंती आणि रिंगा घासल्या जायच्या. पण हे घासणं हळूहळू व्हायचं. आधी धूर वाढायचा, मग ऑइल कमी व्हायला लागायचं, मग चढावर जोर कमी पडायचा. मिस्त्रीला सावध व्हायला पुरेसा वेळ मिळायचा.

टिकवण्याची शाळा

१९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. पेट्रोल परत मिळू लागलं, पण गाड्या मिळेनात. मोटार कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यातली एक. तिची फियाट आणि पुढे 'पद्मिनी' झालेली गाडी १०८९ सीसीची, साधारण ४० हॉर्सपॉवरची. नवीन गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मग हाताशी आहे ती गाडी मोडू द्यायची नाही, हाच एक मार्ग.

आपल्या गॅरेजांची सगळी भाषा या काळात घडली. 'गाडी ऑइल खायली', 'पिकअप गेला', 'रिंगा गेल्या', 'बोअर करायला पायजे', 'हाफ इंजन काढावं लागंल'. हे सगळे शब्द झिजण्याचे आहेत. सिलिंडर झिजला तर थोडा मोठा कापून वरच्या मापाचा पिस्टन घालायचा. तोही झिजला तर आणखी मोठा. माप संपलं तर आत स्लीव्ह ठोकायची आणि परत पहिल्यापासून सुरू. एकाच इंजिनाला असे तीन-चार जन्म मिळायचे.

पुढे आणखी एक वायू आला. २००० मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल होऊन एलपीजी वाहनाचं इंधन म्हणून अधिकृत झालं. त्याच सुमाराला मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. त्यात पद्मिनीही होत्या. त्यांच्यातली शेवटची टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. पेट्रोलच्या इंजिनाला सीएनजी दिला की ताकद थोडी कमीच होते, जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीटा झिजतात. पण पुन्हा तेच: झिजतात, हळूहळू.

माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा मुद्दा नेमका हा आहे. आपल्याकडे जुन्या इंजिनाला आजवर जे जे वायू दिले, ते पैसे वाचवायला किंवा तुटवड्यावर उपाय म्हणून दिले. त्यांनी ताकद कमी केली, इंजिन झिजवलं. आणि झिजलेलं दुरुस्त कसं करायचं हे आपल्या मिस्त्रींना पाठ आहे. नायट्रसची गोष्ट उलटी आहे. तो ताकद वाढवतो, आणि चुकला तर झिजवत नाही, फोडतो.

त्याची खरी जागा

युद्धानंतर नायट्रस अमेरिकेतल्या शर्यतींत शिरला. आधी चोरून. १९७६ मध्ये डेटोना ५०० च्या पात्रता फेरीत दोन नामांकित चालकांच्या वेळा नायट्रसच्या कारणावरून रद्द झाल्या. १९७८ मध्ये अमेरिकेत याच वायूचे किट बनवणारी कंपनी निघाली, तिच्या 'एनओएस' या आद्याक्षरांवरून लोक या सगळ्याच प्रकाराला 'नॉस' म्हणायला लागले. २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्यूरिअस' आला आणि लाल बटण जगभरच्या पोरांच्या डोक्यात बसलं. आपल्याकडेही २०१० च्या दशकात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या.

ड्रॅग शर्यत म्हणजे साधारण ४०२ मीटर सरळ रस्ता. खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. तिथे इंजिन शर्यतीसाठीच बांधलेलं असतं, पिस्टन जास्त मजबूत, पेट्रोलचा पंप मोठा, स्पार्कची वेळ मागे घेतलेली. शर्यत झाली की ते उघडून तपासतात. फुटलं तर दुसरं तयार असतं. म्हणजे विमानासारखाच हिशोब: ताकद आज हवी, इंजिनाचं उद्या बघू.

नायट्रसने प्रत्येक गाडी फुटते, असं मी म्हणणार नाही. इंजिन धडधाकट असेल, डोस लहान असेल आणि पेट्रोल बरोबरीने मिळत असेल तर ते चालतं. सगळा प्रश्न त्या 'असेल' चा आहे.

जुन्या इंजिनाच्या आत

१ लाख ६८ हजार किलोमीटर चाललेल्या इंजिनात तीन गोष्टी झालेल्या असू शकतात.

एक, रिंगा सैल होऊन ऑइल वर येतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं की ते वेळेआधी भडकायला लागतं. साध्या चालीत बारीक टकटक ऐकू येते, नायट्रसच्या दाबाखाली त्याच टकटकीने पिस्टनची रिंग धरणारी कड तुटते.

दोन, आत कार्बन साठलेला असतो. तापला की तो निखाऱ्यासारखा लाल होतो आणि स्पार्कच्या आधीच आग लावतो.

तीन, पंप थकलेला, इंजेक्टर अर्धवट तुंबलेला. रोजच्या पेट्रोलला ते पुरतात. पण नायट्रसबरोबर जादा पेट्रोल पोचलंच पाहिजे. ऑक्सिजन आला आणि पेट्रोल कमी पडलं तर आतलं तापमान इतकं चढतं की अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन वितळून त्याला भोक पडतं. याला काही सेकंद पुरतात. गॅरेजच्या भाषेत कुठलीही सूचना न देता.

आणि यात एक गोष्ट खास आपल्या भागाची. बाटलीतला नायट्रस द्रवरूपात राहतो तो स्वतःच्याच दाबाखाली, २० अंशाला सुमारे ५० बार. पण ३६.४ अंशाच्या वर हा वायू द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबलं तरी. शास्त्रात याला क्रांतिक तापमान म्हणतात. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. तिथे बाटलीतला दाब झपाट्याने चढतो, सुरक्षा चकती फुटून गॅस बाहेर येऊ शकतो. चकती टिकली तरी त्या वाढीव दाबाने नायट्रस ठरल्यापेक्षा जास्त जातो आणि पेट्रोल तेवढंच राहतं. म्हणजे पिस्टनला भोक पडायची पूर्ण तयारी. थंड देशात बाटली गरम करायला पट्टा लावतात. उमरीत उन्हाळ्याचे चार महिने ती थंड कशी ठेवायची, हाच प्रश्न.

कायद्याचंही बघून घेतलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत असा बदल करता येत नाही की आरसी बुकातली माहिती आणि कंपनीने बनवलेली गाडी यांत फरक पडेल. दाबाच्या सिलिंडरांना २०१६ चे वेगळे नियम आहेत, ते राबवणारं केंद्र सरकारचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. आणि अपघात झालाच तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच शोधणार.

मग काय झालं

हे सगळं मी मामेभावाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण माझं इंजन चांगलं असंल तर?"

रास्त प्रश्न होता. चाचांनी काही न बोलता कॉम्प्रेशनचा गेज काढला. चारही प्लग काढून एकेक सिलिंडर मोजला. पहिला १५५, दुसरा १५०, तिसरा ११०, चौथा १५०. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं, आकडा १४० वर गेला. ऑइलने फट बुजली म्हणजे गळती रिंगांतून आहे. तो बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिला. माझ्या सगळ्या इतिहासाने जे झालं नाही ते त्या काट्याने केलं.

साठवलेल्या पैशांत हाफ इंजिनचं काम ठरलं. पैज त्याने सोडली की पुढे ढकलली ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

निघताना मी चाचांना म्हटलं, "चाचा, तुमच्या पिढीने गाड्या टिकवल्या, हीच खरी अक्कल. मी प्रबंधात तेच लिहिणार आहे."

ते हात पुसत म्हणाले, "अक्कल कशाची बेटी. दुसरी गाडी मिळतच नव्हती. मिळाली असती तर आम्हीबी पळवली असती की."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. टिकवण्याच्या संस्कृतीचं मी जरा जास्तच कौतुक करत होते बहुतेक. कोळशाच्या बसमध्ये बसलेल्या माणसाने अर्धी ताकद काही हौसेने निवडली नव्हती. चोवीस वर्षांच्या पोराला एकदा जोरात जावंसं वाटणं हाही ह्याच इतिहासाचा भाग आहे, आणि माझ्या प्रकरणात त्याला जागाच नव्हती. आता आहे. त्याचं शीर्षक अजून ठरलेलं नाही, पण सुरुवात ११० या आकड्यापासून करायची असं ठरवलंय.

तुमच्या घरात कोळशाच्या गाडीची, स्लीव्ह ठोकलेल्या इंजिनाची किंवा अशाच एखाद्या लाल बटणाची गोष्ट असेल तर जरूर कळवा. माझ्या वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत.